भाईंचं सगळं ऐकून घेतलं

"बसा ना भाई. वारा लागतो का तिथे? नाहीतर खुर्ची पंख्याखाली घ्या."

भाई परुळेकर बसले नाहीत. साळखोल नगरपंचायतीच्या सभागृहात ज्या टेबलामागे ते वर्षानुवर्षं बसत आले, त्याच टेबलाच्या अलीकडच्या बाजूला ते उभे होते. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, वरच्या खिशात मोबाईल, मागे मुंबईहून आणलेला वकील. टेबलापलीकडे नियोजन समिती, आणि मधल्या खुर्चीवर मी. शालन मेस्त, नगराध्यक्ष.

"बसूक येवक नाय मी," भाई म्हणाले. "माजी जमीन जाता हा."

"नोंदवा," मी लिपिकाला म्हटलं.

इतिवृत्तात इतकंच आहे: हरकतदार वेळेवर हजर. त्यांना आसन व पाणी देण्यात आले.

पाणी ते प्यायले नाहीत. हे इतिवृत्तात नाही. मी त्यांना पाणी देताना आधी पेला पुसून घेतला, तेही नाही.

जमीन म्हणजे त्यांच्या लॉजच्या शेजारचा, खाडीला लागून असलेला मोकळा तुकडा. तिथे त्यांच्या मुलाला लॉजचा दुसरा भाग बांधायचा होता, पायाचे खड्डेही खणून झाले होते. आमच्या नव्या विकास आराखड्यात त्या तुकड्यावर आरक्षण पडलं होतं. आज भाईंची हरकत ऐकायची, मग समितीने ठरवायचं. आरक्षण कायम झालं की तिथे लॉजची एक वीटही चढणार नाही.

"बोला भाई," मी म्हटलं. "कितीही वेळ घ्या."

त्या वाक्यावर भाईंनी माझ्याकडे नीट बघितलं. वाक्य ओळखीचं वाटलं असणार. त्यांचंच होतं.

*

ही तिसरी सुनावणी. आधीच्या दोन माझ्या बापाच्या.

पहिली झालीच नाही.

बापूस, गोपाळ मेस्त, होड्या बांधायचा. खाडीच्या काठावर आमचं आवार होतं: कामासाठी एक कौलारू मांगर, फळ्यांचा ढीग, आणि पाण्यात उतरत जाणारी वाळू. शेजारी निवडुंगाची वई आणि वईपलीकडे भाईंचा तुकडा. जुन्या आराखड्यात पर्यटकांच्या गाड्यांचा वाहनतळ भाईंच्या तुकड्यावर होता. भाई नगराध्यक्ष झाले, आणि आराखड्याची दुरुस्ती निघाली. वाहनतळ वईवरून उडी मारून आमच्या आवारात येऊन पडला.

बापूस हरकत घेऊन गेला. सभागृहाबाहेरच्या बाकावर सकाळभर बसला. लिपिकाने कागद घेतला, "कळवू" म्हणाला. कळवलं ते असं: समितीने जागेची पाहणी केली, जागामालक गोपाळ मेस्त पाहणीच्या वेळी हजर होते, त्यांनी तोंडी हरकत मागे घेतली. खाली पाहणीची तारीख.

बांद्याच्या खतीब वकीलबाईंनी तो कागद एकदा वाचला, परत वाचला, आणि हसायला लागल्या. त्यांचं माहेर साळखोलचं.

"शालन, ह्या तारखेला तू कुठे होतीस?"

"वेशीबाहेर."

"आणि तुझा बापूस?"

"वेशीबाहेरच. सगळाच गाव."

"माझी आईसुद्धा," बाई म्हणाल्या. "बकऱ्या घेऊन."

ते गावपळणीचे दिवस होते. काही वर्षांनी एकदा देवाचा कौल मिळतो आणि आमचा सगळा गाव घरं सोडतो. पोरंबाळं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळे वेशीबाहेर माळावर राहुट्या ठोकून तीन रात्री राहतात. हिंदू असो, मुसलमान असो, बाजारातला मारवाडी असो. गावात माणूस नाही, चूल नाही, दिवा नाही. देवाचा परत जाण्याचा कौल होईपर्यंत कोणी वेस ओलांडत नाही. मुख्याधिकारी बाहेरगावचे. त्यांनी जिल्ह्याच्या ठिकाणी बसून कॅलेंडरवर सुट्टी नसलेला दिवस शोधला आणि पाहणी लिहून टाकली. गावपळण कॅलेंडरवर नसते.

उच्च न्यायालयात आमचा नंबर जेवणाच्या सुट्टीआधी लागला. न्यायमूर्तींनी विचारलं, "म्हणजे त्या दिवशी या गावात एकही मनुष्य नव्हता?"

"कोंबडीही नव्हती," खतीबबाई म्हणाल्या.

नगरपंचायतीचा वकील वळून मागच्या बाकाकडे आला. तिथे भाई बसले होते. पाहणीवर त्यांचीही सही होती. "तुम्ही स्वतः होता ना जागेवर?" तो कुजबुजला. "होतो म्हणा, मी सांभाळतो."

मी भाईंच्या मागेच होते. त्यांच्या मानेवरचा घाम मला दिसत होता. होतो म्हटलं तर देवाचा शब्द मोडून वेस ओलांडली असं झालं. गावात त्यांच्या हातचं पाणी कोणी घेतलं नसतं. नव्हतो म्हटलं तर सही खोटी. आणि त्या दिवशी ते कुठे होते ते मला ठाऊक होतं. आमच्या शेजारच्या राहुटीत. माझ्या हातचं तिसऱ्या शिंपल्यांचं सुकं खात, "आणखी आसा काय गो?" विचारत.

भाई वर पंख्याकडे बघत राहिले.

आदेश रद्द झाला. गावात परतल्यावर बापाशीने गोड खाजं वाटलं. खतीबबाईंच्या हातावर ठेवलं तर त्यांनी ते तसंच कागदात गुंडाळून ठेवलं.

"काका, जागा मिळाली असं समजू नका. कोर्टाने त्यांना एवढंच सांगितलंय, की नीट ऐकून घ्या आणि मग ठरवा."

"ऐकले तर पुरे," बापूस म्हणाला. "ऐकल्यार कोण नाय म्हणतलो?"

*

दुसरी सुनावणी याच टेबलावर झाली. भाई मधल्या खुर्चीत. त्यांच्या उजव्या हाताला नामदेव टिकम, तेव्हा त्यांच्या शब्दाबाहेर न जाणारा नगरसेवक. बापाशीला खुर्ची. चहा. बिस्किटं. मी त्याच्या मागे उभी.

"बोल मेस्ता. कितीही वेळ घे," भाई म्हणाले.

आणि माझा बापूस बोलला. आयुष्यात पहिल्यांदा कोणी इतका वेळ त्याच्याकडे बघत होतं. उंडीचं लाकूड का, आंब्याचं कुठे चालतं, होडी पाण्यात उतरवायला उतार किती लागतो, वारा कुठल्या बाजूने आला तर फळी फाटते. साळखोलात मासे मारणाऱ्या कोणाकोणाच्या होड्या त्याच्या हातच्या आहेत. सगळं. मध्येच थांबला की भाई मान हलवून म्हणत, "आणखी काय?" आणि तो पुन्हा सुरू होई. मला वाटलं, जिंकलो. बापाशीचे कान लाल झाले होते आनंदाने.

शेवटी भाईंनी कारणं लिहून घेतली. मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून: "मेस्त यांचा भूखंड सपाट व रस्त्यालगत असल्याने वाहनतळास योग्य. शेजारचा परुळेकर यांचा भूखंड खोल पाण्यालगत असल्याने तो होड्यांच्या कामास अधिक योग्य आहे, वाहनतळास नाही. सबब आरक्षण मेस्त यांच्या भूखंडावर कायम."

बापाशीला पहिल्यांदा कळलं नाही. मग त्याने अगदी सरळ मनाने विचारलं, "मगे होडी थय बांधूक देशात माका? तुमच्या जागेर?"

खोलीत हशा उसळला. नामा टिकम हसला, लिपिक हसला. भाई उठून आले आणि बापाशीच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "मेस्ता, तू पण ना!"

बापूसही हसला. सगळे हसतात म्हणून.

आम्ही पुन्हा कोर्टात गेलो. या वेळी न्यायमूर्तींनी आमची बाजू वाचली, त्यांची वाचली, आणि सांगितलं की नोटीस दिली, ऐकून घेतलं, पाहणी केली, कारणं दिली. निर्णय कोर्टाला पटतो की नाही हा प्रश्न कोर्टापुढे नाही. याचिका फेटाळली.

मग यंत्र आलं. मांगर पाडला. आवारात एक होडी अर्धी बांधलेली उभी होती. ती पट्टे लावून उचलताना मधोमध मोडली. मोडल्याचा आवाज बाजारापर्यंत गेला असं लोक म्हणाले. बापूस तिथे नव्हता, मी होते.

तो त्यानंतर काही वर्षं जगला. हातात काही घेऊन बसायचा नाही. कोणी विचारलं, तर रागावायचाही नाही. म्हणायचा, "पण माजा सगळा ऐकून घेतल्यानी हां. असा नाय काय ऐकूक नाय."

ते वाक्य मला सहन होत नसे. मोडलेल्या होडीपेक्षा जास्त.

तो गेल्यावर, तेराव्यानंतर, मी बांद्याला गेले.

"बाई, खोटं कारण कोर्टाने चालवून कसं घेतलं?"

"कोर्ट बरोबर-चूक बघत नाही गं. कसं ठरवलं ते बघतं. नीट रीतीने घेतलेला चुकीचा निर्णय टिकतो. चुकीच्या रीतीने घेतलेला बरोबर निर्णय पडतो."

"म्हणजे कोणीही नीट रीतीने केलं तर?"

बाईंनी चष्मा खाली करून माझ्याकडे बघितलं. मग उठून दार लोटलं.

"शालन, आजपासून भाईंबद्दल वाईट शब्द तोंडातून काढायचा नाही. बाजारात नाही, नळावर नाही, सख्ख्या बहिणीपुढे नाही. मनात काय आहे ते कोर्टाला दिसत नाही. पण कोणी ऐकलं असेल, तर तो साक्षीदार कोर्टात येतो."

मी शब्द काढला नाही. कठीण असतं ते. पहिल्या वर्षी जीभ चावून तोंड आलं होतं. नंतर सवय झाली. भाईंच्या मुलीच्या लग्नाला गेले, पैठणी दिली. नगरपंचायतीला उभी राहिले, आणि प्रचारात एकदाही वाहनतळाचं नाव घेतलं नाही. लोक म्हणायचे, शालनचं मन मोठं. नगराध्यक्ष झाले तेव्हा भाईंनी स्वतः हार घातला आणि माइकवर सांगितलं, "माज्या चेडवासारखी आसा ती."

मी वाकून नमस्कार केला. त्या फोटोची प्रत नंतर त्यांच्याच लॉजमध्ये लागली.

*

तर, तिसरी.

भाई बोलायला सुरुवात करणार, तेवढ्यात त्यांचा वकील पुढे झाला. "आमची पहिली हरकत अशी की अध्यक्षांच्या वडिलांचा आणि माझ्या अशिलांचा जुना वाद होता. अध्यक्षांच्या मनात अढी आहे. त्यांनी ही सुनावणी घेऊ नये."

भाई माझ्याकडे बघत होते. मी आता चिडेन, "खुर्ची माझी आहे" म्हणेन, आणि तेवढ्या एका वाक्यावर पुढे कोर्टात सगळं उडेल, असं त्यांनी धरलं होतं. चिडायला मदत व्हावी म्हणून ते हळूच म्हणाले, "बापूस साधो होतो हो हिचो. तेका काय कळायचाच नाय. पोरगी मात्र पक्की."

माझी नखं तळहातात रुतली. टेबलाखाली. इतिवृत्तात नाही.

"बरोबर आहे हरकत," मी म्हटलं. "मी उठते. नामदेवराव, तुम्ही उपाध्यक्ष, तुम्ही बसा."

वकिलाने भाईंकडे बघितलं. भाईंनी वकिलाकडे. खतीबबाईंनी मला महिनाभर आधी सांगितलं होतं: तो तुला उठ म्हणेल. तू आधी उठू नकोस. त्याला म्हणू दे, मग लगेच उठ. त्याने जे मागितलं ते मिळालं. आता तक्रार कसली करणार?

मी बाहेर आले आणि बाकावर बसले. तोच बाक. खिडकी उघडी होती.

आत भाईंचा आवाज एकदम मोकळा झाला. नामा त्यांचा माणूस. निदान त्यांना तसं वाटत होतं. "नाम्या, तुका सगळा म्हायती आसा. तू होतंस माज्या बाजूक तेव्हा."

"होतंय ना भाई," नामा म्हणाला. "तुमच्याकडसूनच शिकलंय. बोला. कितीही वेळ घेवा. अरे, भाईंका च्या आण."

नामा कुणाचाच नव्हता. जिकडे खुर्ची तिकडे नामा. त्याला मी काहीच सांगितलं नव्हतं, सांगायची गरजही नव्हती.

भाई बोलले. पुष्कळ बोलले. मुलाचं कर्ज, खणलेला पाया, लॉजमुळे गावातल्या किती बायकांना काम मिळतं, आपण गावासाठी काय काय केलं. थांबले की आतून नामाचा आवाज येई, "आणखी काय भाई?"

मग समितीवरच्या निवृत्त नगररचनाकारांनी विचारलं. कुळकर्णी नावाचे, पुण्याचे, गावाशी देणंघेणं नसलेले. "परुळेकर साहेब, हा भूखंड कोणत्या कामाला योग्य आहे, असं आपलं मत आहे?"

"लॉजला."

"लॉजला. पण इथल्या जुन्या ठरावात आपल्याच अध्यक्षतेखाली कारण नोंदवलेलं आहे. वाचतो हं." कागदाची सळसळ. "'परुळेकर यांचा भूखंड खोल पाण्यालगत असल्याने तो होड्यांच्या कामास अधिक योग्य आहे.' हे कारण उच्च न्यायालयापुढे गेलं होतं आणि आपण ते तिथे प्रतिज्ञेवर सांगितलं होतं. बरोबर?"

आत कागद पुन्हा सळसळला.

"म्हणूनच आरक्षण तसं ठेवलंय," कुळकर्णी म्हणाले. "होडी बांधणी व दुरुस्ती आवार. पर्यटकांच्या एवढ्या होड्या झाल्या, दुरुस्तीला मालवणला न्याव्या लागतात. होडीवाल्यांच्या मागण्या आलेल्या आहेत. आम्ही परवा जागा बघितली, आपणही होता. पाणी खरंच खोल आहे. आपलं कारण तंतोतंत खरं निघालं."

ते खरं होतं. मला हे सांगायला आवडतं, की ते खरं होतं. होड्या मालवणला न्याव्या लागत होत्या. मागण्या खऱ्या होत्या, पाणी खरं होतं, पाहणीचा दिवस मी देवळात गुरवाला विचारून ठरवला होता. माझ्या सुडात एक शब्द खोटा नव्हता. खोट्या मनाने लिहिलेलं वाक्य एकच होतं, आणि ते भाईंनी स्वतः लिहिलं होतं.

"कोण बांधतलो हो थय होडये?" भाई एकदम ओरडले. "बांधणारो खय आसा? मेलो तो!"

कोणी हसलं नाही.

"नोंदवा," नामा म्हणाला. "भाई, आणखी काय?"

*

भाई बाहेर आले. वकील फोनवर बोलत जिन्याकडे गेला. भाई माझ्या शेजारी बाकावर बसले. हात गुडघ्यांवर.

मग म्हणाले, "सगळा ऐकून घेतल्यानी गो."

मी थोडी सरकून त्यांना जागा केली.

"च्या दिल्यानी. बिस्किटां दिल्यानी." त्यांनी मान वळवली. डोळे लाल होते, पण आवाज मऊ केला. "शालन, हय दुसरा कोण नाय. माका फक्त एक सांग. ह्या सगळा बापाशीसाठी केलंस ना? इतकी वर्सां मनात ठेवलंस? सांग. मी कोणाक सांगूचंय नाय. एकदा तोंडान सांग, माका बरा वाटात."

ते मला हवं होतं. इतकी वर्षं जीभ चावली होती ती याच क्षणासाठी. त्यांच्या तोंडावर सांगायचं, त्यांच्या डोळ्यांत बघत. हा वार कोणाचा आहे ते कळल्याशिवाय त्यांना लागणार कसं? माझ्या ओठांवर आलं. "ह"चा श्वासही सुटला असेल.

तेवढ्यात त्यांच्या शर्टाच्या खिशाकडे नजर गेली. पांढऱ्या कापडातून मोबाईलचा पडदा उजळलेला दिसत होता, आणि त्यावर लाल आकडे पळत होते.

भाईंनीही बघितलं, मी बघितलेलं. तरी खिशावर हात ठेवला नाही. तसेच वाट बघत राहिले, एखाद्या याचकासारखे.

मी उठले. पदर सारखा केला.

"भाई," खिशाला नीट ऐकू जाईल असं मी म्हटलं, "समिती गुणावगुणावर निर्णय घेईल. आपलं म्हणणं नोंदवलेलं आहे. चहा थंड झाला असेल, दुसरा सांगू का?"

*

आरक्षण कायम झालं. भाई उच्च न्यायालयात गेले. नोटीस, सुनावणी, पाहणी, कारणं, सगळं न्यायमूर्तींनी बघितलं. अढीचा मुद्दा होता; अध्यक्षांनी मागणी होताच खुर्ची सोडली, एवढं एक वाक्य त्यावर आलं. याचिका फेटाळली. दिल्लीलाही गेले. तिथे फार वेळ लागला नाही. ऐकलं, आणि फेटाळली.

लॉजच्या पायाचे खड्डे भरून तिथे आता उतार केला आहे. त्यावरून होड्या चढतात, उतरतात. बहुतेक फायबरच्या. दिवसभर घासण्याचा आवाज आणि रसायनाचा वास. भाईंच्या खोलीची खिडकी त्याच बाजूला उघडते. आवाराचं नाव ठरवायच्या सभेत कोणीतरी गोपाळ मेस्त सुचवलं. मीच नको म्हटलं. मुदती अजून संपायच्या होत्या.

आता सगळ्या संपल्या. अपील नाही, पुनर्विलोकन नाही, कुठलं दार उरलेलं नाही. खतीबबाईंना विचारून खात्री करून घेतली. त्या फोनवर इतकंच म्हणाल्या, "बोल आता काय बोलायचं ते."

भाई आहेत अजून. डोळ्यांनी दिसत नाही, पण कान चांगले आहेत. सकाळी सून पेपर वाचून दाखवते, दुपारी जे हाताला लागेल ते. मी लिहिलेलं हेही कोणीतरी वाचून दाखवील. बाकावर विचारलं होतंत ना भाई, एकदा तोंडाने सांग म्हणून?

हो. बापाशीसाठी.

आणखी काय?